आधी मूल, मग प्राणी

एक जूनला रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याचं बंदर थांबतं. पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी तिथून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, बंद असते. नेपाळी खलाशी गावी गेलेले असतात, जेटीवरचा लिलावाचा गलका थांबलेला असतो, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात आणि जाळी पडव्यांत येऊन पडलेली असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, आता दोन महिने आराम. पण जाळ्याची तुटलेली घरं पुन्हा बांधायची, दोर आणि बोये बदलायचे, कुजलेला भाग कापून नवा जोडायचा, ही सगळी कामं याच दिवसांतली. समुद्र बंद असतो, हात चालू असतात.

त्या दिवसांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. लोकर, सूत आणि घरातलं जुनं कापड घेऊन लहान मुलाला भेट द्यायचा एखादा प्राणी कसा करावा, एवढाच त्याचा विषय. विषयाच्या मानाने प्रस्तावना लांबली आहे, हे मला दिसतं आहे. नमुने आणि टाके पुढच्या पानांत आहेतच. ते हातात घेण्याआधी जे बोलायला हवं ते कुठल्याच नमुन्यात मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

खेळणं करायला बसणारी बहुतेक माणसं आधी प्राणी ठरवतात. ससा करू, नाहीतर हत्ती. मग रंग, मग माप, आणि सगळ्यात शेवटी तो कुणाला द्यायचा ते. माझा आग्रह उलटा आहे. आधी मूल ठरवा. ते किती महिन्यांचं आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतं का, कुठे झोपतं, घरात ऊन कुठल्या बाजूने येतं, मांजर आहे का, त्याच्या आईला जास्तीचं एक धुणं परवडणार आहे का. याची उत्तरं मिळाली की प्राणी कुठला, डोळे कशाचे, पोटात काय भरायचं, हे एकामागून एक ठरत जातं. कारखान्याला हे जमत नाही. त्यात कारखान्याचा दोष नाही, त्याला ते मूल माहीतच नसतं. घरी केलेल्या खेळण्याचा जो काही अधिकार आहे तो इथून येतो. ते सुबक असतं म्हणून नव्हे. बऱ्याचदा ते सुबक नसतंच.

मच्छीमार वस्तीत हे काम शिकवायला फार वेळ लागत नाही, कारण लागणारी कसबं घरात आधीच असतात. पहिलं जाळ्याचं. जाळं गाठींनी बनतं. प्रत्येक घराच्या चारही कोपऱ्यांवर गाठ असते, म्हणून एक धागा तुटला तर तेवढंच घर मोठं होतं, बाकीचं जाळं शाबूत राहतं. क्रोशाचं विणकाम तसं नाही. तिथे गाठ फक्त पहिली आणि शेवटची. मधे एका फासातून दुसरा फास ओढलेला. शेवटचं टोक सुटलं की अख्खा प्राणी पुन्हा लोकरीचा गुंडा होऊ शकतो. जाळं शिवणाऱ्या हाताला हा फरक एकदा दाखवला की पुरतो. टोक कसं लपवायचं हे मग वेगळं सांगावं लागत नाही. ताण सारखा ठेवायची सवय तर त्या हातांना असतेच, आणि नवख्या माणसाचे पहिले महिने त्यातच जातात.

दुसरं कसब टोपीचं. मिरकरवाड्यात मुसलमान मच्छीमारांची घरं बरीच आहेत, आणि नमाजाची विणलेली टोपी घरोघरी असते, कुठे विकतची, कुठे हातची. ती टोपी उलटी करून तिचा माथा बघा. मधे एक लहानसं कडं, त्याच्याभोवती फेऱ्या, आणि दर फेरीला ठरावीक वाढ. खेळण्यातल्या प्राण्याचं डोकं याच हिशेबाने होतं. मुक्या खांबाने विणायचं असेल तर पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८, मग २४, ३०, ३६. दर फेरीला सहाच का वाढवायचे, याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या सव्वासहा पटीने परीघ वाढतो, आणि मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणून एका फेरीला सहा. उंच खांबाने विणलं तर फेरी जास्त उंच होते आणि वाढही जास्त लागते, बहुधा बारा. वाढ थांबवली की चकतीला कड येते आणि सरळ भिंत उभी राहते. टोपी तिथेच संपते. खेळण्यात मात्र पुढे तोच हिशेब उलटा चालवायचा, ३६ वरून ३०, ३० वरून २४, आणि तोंड बंद व्हायच्या आत पोट भरून घ्यायचं. जिने आयुष्यात एक टोपी विणली आहे तिला खेळण्याचं निम्मं काम येतं. हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच.

तिसरं कसब गोधडीचं. त्याबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार. धावदोरा प्रत्येकीला येतो. कापडी प्राण्याला धावदोरा पुरत नाही, पोट भरल्यावर शिवण ताणली जाते, म्हणून उलटी टीप घालावी लागते; फरक असलाच तर तेवढा.

आपल्याकडे कापडी प्राण्यांची परंपरा नाही असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. ती खेळण्यांच्या दुकानात नव्हती, बाळंतविड्यात होती. झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्याबरोबर पाळण्यावर टांगायचं चिमणाळं असायचं. रंगीत चिंध्यांच्या, कापूस भरलेल्या चिमण्या एका कड्याला बांधलेल्या, चोचीला लाल दोरा, पंखांना टिकल्या. आजीच्या लुगड्याचा काठ दुपट्याला लागायचा आणि उरलेला तुकडा चिमणीच्या पोटाला. बाळ पाठीवर झोपून वर बघतं, म्हणून चिमणीचं पोटच सगळ्यात रंगीत करायचं; पाठीकडे कुणी बघत नाही. करणाऱ्या बाईने बाळाच्या जागेवरून विचार केला होता याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

रुखवताचं मात्र वेगळं. तिथेही हातचे प्राणी असतात. मण्यांची बदकं, लोकरीचे ससे, मखमलीचा कुत्रा. पण ते मुलीचं कसब सासरच्यांना दाखवायला केलेले. लग्नानंतर ते काचेच्या कपाटात जातात, वर प्लॅस्टिकची पिशवी तशीच, आणि त्याच घरात पुढे जन्मलेल्या मुलाला त्यांना हात लावायची बंदी. हा प्रकार मला कधीच आवडला नाही. ज्या सशाला कान धरून कुणी ओढलं नाही तो ससा कशाला म्हणायचा? या पुस्तकातला एकही नमुना कपाटासाठी नाही.

जुन्या काळची मातीची आणि धातूची खेळणी सापडतात, कापडाची नाहीत. दायमाबादला १९७४ साली तांब्या-काशाचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ मिळाले. ती खेळणी होती की पूजेतल्या वस्तू यावर वाद आहे, पण हत्तीला पायाखाली चाकं लावायची हौस महाराष्ट्रात साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीही होती एवढं त्यावरून दिसतं. नागपूरकडचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी त्याच बाजूची. कापड कुजतं, उंदीर नेतात, आई जुन्या बाहुलीच्या चिंध्या करून पोतेरं करते. त्यातून वाचलेली एक बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या गावी वाळूत सापडलेली, रोमन काळातली, जाड लिननच्या कापडाची, पोटात चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली. कोरडी वाळू होती म्हणून ती टिकली. कोकणात ती एक पावसाळा काढू शकली नसती.

कागदावर टिकलेला एक कापडी प्राणीही आहे. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हजरत आयेशांच्या खेळण्यांचा उल्लेख येतो, आणि त्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा आहे. घोड्याला पंख कसे, असं पैगंबरांनी विचारलं. सुलेमानांच्या घोड्यांना नव्हते का, असं उत्तर मिळालं, आणि ते हसले. मिरकरवाड्यासारख्या वस्तीत हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. काही मुसलमान घरांत सजीवाची प्रतिमा ठेवत नाहीत. मुलांच्या खेळण्यांना बऱ्याच धर्मपंडितांनी मोकळीक दिली आहे, तरी काही घरं ती घेत नाहीत. भेट देणाऱ्याने हा वाद सोडवायला जाऊ नये. त्या घरी विचारावं. नको असेल तर डोळे-तोंड न काढता नुसता आकार करावा. वागळी, खेकडा, कासव हे चेहऱ्याशिवायही लगेच ओळखू येतात, आणि मुलाला त्याने काही कमी पडत नाही. मूल आधी, याचा अर्थ त्या मुलाचं घरही आधी.

आज जगभर जो भरलेला प्राणी विकला जातो त्याची सुरुवातही भेटीतूनच झाली. जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. जन्म १८४७ चा, लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेले, उजवा हात दुखरा. एका मासिकातल्या नमुन्यावरून तिने १८८० च्या सुमारास फेल्टचा, आत लोकर भरलेला छोटा हत्ती शिवला. तो टाचण्या टोचून ठेवायला होता. ओळखीच्या बायकांना तिने तो भेट म्हणून दिला, आणि त्यांच्या मुलांनी टाचण्या काढून टाकून तो पळवला. त्या हत्तीला मागणी मुलांनी आणली. १८८६ पर्यंत वर्षाला पाच हजारांवर हत्ती विकले जाऊ लागले होते. पुढे १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेलं अस्वल मारायला नकार दिला, वर्तमानपत्रात त्यावर व्यंगचित्र आलं, ब्रुकलिनमधल्या मिच्टम पती-पत्नींनी कापडी अस्वल शिवून दुकानाच्या खिडकीत ठेवलं, आणि त्याच सुमारास श्टाइफच्या पुतण्यानेही हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. टेडीची ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यातलं हत्तीचं प्रकरण जास्त आवडतं, कारण ते एका बाईने मैत्रिणींसाठी केलं होतं आणि ते खेळणं आहे हे तिच्याआधी मुलांना कळलं.

त्या टेडीचा चेहरा पुढे बदलत गेला. सुरुवातीची अस्वलं खऱ्या अस्वलासारखी होती, लांब नाकाड, अरुंद कपाळ. केंब्रिजमधल्या हिंड आणि बार्डन या अभ्यासकांनी जुन्या टेडींची मापं घेऊन १९८५ साली एक निबंध लिहिला. काळ पुढे जाईल तसं नाक आखूड आणि कपाळ मोठं होत गेलेलं त्यांना आढळलं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झने १९४३ मध्येच म्हटलं होतं की मोठं कपाळ, खाली असलेले मोठे डोळे, फुगीर गाल हे दिसलं की माणसाला ते बाळ वाटतं आणि जवळ घ्यावंसं वाटतं. सुईकामात याचा उपयोग एका ओळीत सांगता येतो. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली आणि वाटतात त्यापेक्षा लांब लावा. बहुतेकींचं खेळणं बिघडतं ते इथे. टाचण्या लावून, हातभर अंतरावरून बघून, मगच टाका घ्यावा. आणि टाचण्या मोजून घालाव्यात, मोजून काढाव्यात.

मऊपणा का लागतो, यावर विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले. पिल्लाला दोन खोट्या आया दिल्या होत्या, एक तारेची, एक टर्किश कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं पिऊन झालं की कापडाच्या आईला जाऊन बिलगायची आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच काढायची. आज तो प्रयोग वाचताना त्या पिल्लांची दया येते, आणि तसा प्रयोग आता कुणी करू देणार नाही. गोधडीचा कोपरा चोखत झोपणारं मूल बघितलेल्या आईला तो निष्कर्ष नवा नसेल.

आधी मूल, हा विचार शेवटपर्यंत नेलेलं एक उदाहरण डेन्मार्कचं आहे. तिथे २०१३ साली काही स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुताचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. ही बाळं काचेच्या पेटीत असतात, अंगाला नळ्या आणि वायरी. हाताला लागेल ते ओढायची त्यांना सवय, आणि हाताला नळ्याच लागतात. ऑक्टोपसचे पिळदार पाय मुठीत आले की ती ते धरून ठेवतात; ते पाय बाळाला नाळेची आठवण देतात असंही म्हटलं जातं. याने श्वास सुधारतो, वजन वाढतं, असे दावे पसरले. त्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही आणि आपण ते पुढे सांगू नयेत. मला त्यातले नियम बघण्यासारखे वाटतात. धागा शंभर टक्के सुती, कारण साठ अंशांच्या पाण्यात धुता आला पाहिजे. पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, नाहीतर गळ्याभोवती गुंडाळेल. डोळे भरतकामाचे, मणी-बटण नाही. वीण इतकी घट्ट की आतलं भरण बाहेर येऊ नये आणि बोट आत जाऊ नये. हा प्राणी हौसेने निवडलेला नाही, त्या बाळाच्या मुठीने निवडला आहे. मिरकरवाड्यात म्हाकूळ रोजच्या ओळखीचं. कुणाला त्याचे पाय विणायचे तर नमुना पुस्तकात दिला आहे. पण तो घेऊन थेट इस्पितळात जाऊ नका. तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना आधी विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय संपला.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण प्रेमाने दिलेली भेट इथेच अडचणीची ठरते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी भरलेलं खेळणं ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाकातोंडावर आलं तर ते बाळाला बाजूला करता येत नाही. चिमणाळं वर टांगलेलं असायचं, हाताला न लागेल इतकं उंच, ते या दृष्टीनेही बरं होतं. तीन वर्षांच्या आत बटणं, मणी, घुंगरू काहीही बाहेरून शिवू नका. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर तो लहान मुलाच्या घशात जाऊ शकतो असं धरतात. घरी नळी नसते. शंका आली तर तो भाग काळ्या दोऱ्याने भरून काढा.

आता पोटाबद्दल. कोकणात यावर एक वेगळं प्रकरण लिहावं लागलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण खेळणी करायला बसणार. साधा कापूस भरलेला हत्ती जुलैत धुतला तर तो नवरात्रापर्यंत आतून वाळत नाही. बाहेरून कोरडा लागतो, आणि एक दिवस पोटाशी करडे ठिपके दिसतात. जुनी माणसं उशीत सावरीचा कापूस भरायची. चैत्र-वैशाखात बोंडं फुटली की तो गोळा करायचा, उन्हात घालायचा, बिया काढायच्या. त्याचे तंतू पोकळ आणि मेणचट असतात, पाणी लवकर धरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत समुद्रावरच्या जीवरक्षक जाकिटांत याच जातीचा कापूस भरत असत. बंदरातल्या मुलाच्या कासवात तो भरावा यात मला मौज वाटते. त्याची खोड एकच. तो निसटतो. विणीच्या भोकातून, शिवणीतून, बोलता बोलता नाकात. म्हणून आधी मांजरपाटाची घट्ट पिशवी शिवून त्यात तो भरायचा आणि मग ती पिशवी विणलेल्या अंगात घालायची. सावर घरात नसेल तर उशा-गाद्यांच्या दुकानात मिळणारं फायबर घ्यावं. ते धुवून एका दिवसात वाळतं. मुलाच्या घरी ऊन येत नसेल तर मी दुसरा विचार न करता फायबर भरते. तांदूळ, कडधान्य, वाळू भरून प्राणी जड करायची एक टूम आहे. पावसाळ्यात तांदळात टोके होतात, आणि वाळू शिवणीतून झिरपते. नको.

बाहेरचं कापड मात्र जुनंच बरं. खूपदा धुतलेल्या सुती लुगड्याचा, लुंगीचा, ओढणीचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. नव्या कापडाचे हे दोन्ही गुण बाळाच्या तोंडात गेल्यावर कळतात. शिवाय त्या कापडाला कुणाचा तरी वास असतो. घरात सुकट असेल तर सुकटीचाही असतो, ते मान्य करून चालावं. मांजर असलेल्या घरी कापडी मासा देण्याआधी मात्र नीट विचार करा.

प्राणी कुठला, हे इतक्या उशिरा आलं ते मुद्दाम. बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा परदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया, माती असं भोवतालचं सामान मुलांच्या हातात दिलं. पुढे अनुताई वाघांनी तेच कोसबाडला नेलं. समुद्राकाठच्या मुलाला ध्रुवावरचं अस्वल द्यायला हरकत नाही, पण ते पहिलंच का? केंड मासा बघा. फुगल्यावर तो निव्वळ चेंडू असतो, ६-१२-१८ चा हिशेब शिकायला त्याच्याएवढा सोपा प्राणी नाही. काटे म्हणून लोकरीची टोकं बाहेर सोडायची. वागळी म्हणजे कापडाचे दोन सारखे तुकडे आणि एक शेपूट. बांगडा पाठीला निळा-हिरवा, पोटाला रुपेरी. पाठीवरच्या लांबीने जाणाऱ्या गडद रेषा भरायला साखळी टाका. मोरीला जबडा, म्हणजे आतून लाल कापडाची खोळ, आणि ती मुलांना भारी आवडते कारण तिच्यात बोट घालता येतं. चार पायांचा प्राणी त्यामानाने अवघड, कारण पोटाखालची मधली पट्टी नसेल तर तो उभा राहत नाही. म्हणून गाय आणि हत्ती पुस्तकात शेवटी आहेत.

कासवासाठी सगळ्यात जास्त पानं दिली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि आता गावखडीसारख्या रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यांवरही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. त्यांच्या पिल्लाची पाठ चारेक सेंटिमीटरची असते. म्हणजे खेळण्यातलं पिल्लू खऱ्या मापाचं करता येतं, आणि हत्ती-वाघाच्या बाबतीत ते कधीच शक्य नसतं. चार वर्षांच्या मुलाच्या तळहातावर ते ठेवलं आणि समुद्रात जातं ते एवढंच असतं असं सांगितलं, तर मूल गप्प होऊन बघतं. त्याहून लहान मुलासाठी मोठं कासव करा, नमुन्यात दोन्ही मापं दिली आहेत. प्रौढ मादीची पाठ साठ-सत्तर सेंटिमीटर भरते; तेवढं कुणी विणलंच तर ते उशी म्हणून वापरता येईल.

विकण्याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं आहे; विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यात सूट आहे. ज्यांना धंदा करायचा आहे त्यांनी ती नोंदणी जरूर करावी आणि तास मोजून भाव लावावा, लाजू नये. पण विकायचं खेळणं अनोळखी मुलासाठी असतं, त्याचे नियम वेगळे आणि ते पुस्तकही वेगळं. इथे किमती दिलेल्या नाहीत.

शेवटी धुण्याचं आणि दुरुस्तीचं. विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली वाचलेल्या निबंधात मुलाच्या लाडक्या चिंधीबद्दल लिहिलं आहे. ती चिंधी मुलाची असते, तिच्यात बदल करायचा तर तो मुलाने. आईने ती धुतली तरी मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं. तुम्ही दिलेला प्राणी वर्षभराने तुमच्याकडे परत येईल तो एक कान लोंबत, पोट सपाट आणि रंग ओळखू न येणारा. हात शिवशिवतील, नवा कान लावू, डोळे पुन्हा भरू, थोडं गोरं करू. तसं करू नका. शिवण जिथे उसवली तिथेच, त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवा, आणि त्यासाठी करताना उरलेला दोरा चिठ्ठी लावून जपून ठेवा. पोट भरायचं असेल तर मुलाला विचारून, आणि जमलं तर त्याच्यासमोर. कान चघळून चघळून लहान झाला असेल तर तो तेवढाच राहू द्या. नवा कान हवा की नको हे मूल सांगतं. आणि ते तीन वर्षांचं असलं तरी त्याचं या बाबतीतलं मत पक्कं असतं.

नमुन्यांची सुरुवात केंड माशापासून आहे. लोकर कुठलीही चालेल, सुई मात्र गुंड्याच्या कागदावर लिहिली असेल त्यापेक्षा एक नंबर बारीक घ्या, म्हणजे वीण घट्ट येईल. आणि पहिला टाका घालण्याआधी, पानाच्या डोक्यावर जी रिकामी ओळ सोडली आहे तिथे, ज्याला द्यायचा त्या मुलाचं नाव लिहा.